गुणी बाळ

आमच्या भागात तान्ह्या बाळाची पहिली स्तुती होते ती त्याच्या झोपेची. रंग, रूप, नाक कोणाचे आणि कपाळ कोणाचे, हा सारा वाद मागाहून. बाळंतिणीच्या खोलीत डोकावून आलेली आत्या बाहेर येऊन सांगते, "किती गुणी आहे हो! रडणे म्हणून ठाऊक नाही. प्यायलासुद्धा उठवावे लागते." आणि बाहेर बसलेली मंडळी समाधानाने माना डोलावतात. निपाणीकडे विड्या वळणाऱ्या बायकांत तर ह्या गुणाला रोकड मोल आहे. मांडीवर सूप, सुपात पाने आणि तंबाखू, शेजारी जुन्या लुगड्याची झोळी आणि झोळीत निजलेले मूल. ते जितके निजेल तितक्या विड्या अधिक. न रडणारे मूल हे गरिबाच्या घराला परवडणारे मूल असते. त्याला गुणी म्हणू नये तर काय म्हणावे?

तरीही ह्या 'गुणी' शब्दाची मला अलीकडे धास्ती वाटू लागली आहे. कारण तो मी माझ्या कचेरीत अनेकदा ऐकला आहे, आणि ऐकला तेव्हा फार उशीर झालेला होता.

मूल अठरा वर्षांचे झाले की कायदा त्याला सज्ञान समजतो. ज्याची बुद्धी जन्मापासून अविकसित राहिली आहे, ज्याला सही म्हणजे काय हे कळत नाही, त्याच्या बाबतीतही कायद्याचे घड्याळ थांबत नाही. अठरावे वर्ष संपले की आईबापांचे नैसर्गिक पालकत्व संपते. मग बँकेतले खाते, वारसाचा हिस्सा, शेतजमिनीवरील नाव अशी एकेक अडचण उभी राहते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून पालक नेमून घेण्याची सोय आहे. असे अर्ज तयार करताना मुलाचा पूर्वेतिहास विचारावा लागतो. पहिल्या महिन्यात काही वेगळे दिसले होते का, असे विचारले की कितीतरी आया तेच उत्तर देतात : "छे! तेव्हा काहीच त्रास नव्हता. फार शांत होता. नुसता झोपून असायचा."

आपल्याकडे बाळाच्या झोपेकडे कोणी लक्ष देत नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. गोव्याहून आणि कारवाराहून येऊन बेळगावात स्थिरावलेल्या आमच्या कोंकणी घरांत 'सटी' म्हणतात, घाटावरचे लोक 'सटवाई' म्हणतात. कोणी पाचवी पुजतो, कोणी सहावी. पण त्या रात्रीचा विधी सगळीकडे ओळखीचा आहे. पाटावर कोरा कागद आणि लेखणी, शेजारी रात्रभर तेवत ठेवायचा दिवा, आणि बाळाला आळीपाळीने मांडीवर घेऊन जागणाऱ्या बायका. देवी येते आणि कपाळावर लेख लिहून जाते. एरवीदेखील बाळ झोपेत हसले की सटवाई हसवते, ओठ काढले की सटवाई रडवते. वकिलाच्या नजरेने पाहिले तर हा मोठा विलक्षण दस्तऐवज. एकतर्फी लिहिलेला, ज्याच्याविषयी लिहिला त्याला न वाचून दाखविलेला, त्याची नक्कल मिळत नाही आणि त्यावर अपीलही चालत नाही. कागद तर सकाळी कोराच असतो.

ह्या समजुतीची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. वर्षातून एक रात्र का होईना, घरातली चार जाणती माणसे दिव्याच्या उजेडात निजलेल्या बाळाचे तोंड निरखीत बसत, ही लहान गोष्ट नव्हे. आपल्या प्राचीन बालवैद्यकाचा ग्रंथ म्हणजे काश्यपसंहिता. तीत वेदनाध्याय म्हणून एक स्वतंत्र प्रकरण आहे. ज्याला बोलता येत नाही त्या बाळाचे दुखणे त्याच्या हालचालींवरून, रडण्यावरून, चेहऱ्यावरून कसे ओळखावे ह्याचा त्यात विचार केला आहे. मुक्या साक्षीदाराची साक्षही वाचता येते, ही दृष्टी त्या ग्रंथकारांना होती. जाग्रत, स्वप्न आणि सुषुप्ती हा भेद करणाऱ्या उपनिषदकारांना झोप म्हणजे एकजिनसी अंधार नव्हे, हेही माहीत होते. पाळण्यातल्या बाळाच्या झोपेलाही तो भेद लागू आहे, हे उघड व्हायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले.

जर्मनीत येना येथे हान्स बर्गर ह्यांनी १९२४ साली माणसाच्या डोक्यावर तारा लावून मेंदूतील विजेच्या लहरी प्रथम टिपल्या, आणि १९२९ साली त्या प्रसिद्ध केल्या. पुढे शिकागो विद्यापीठात युजीन ॲसेरिन्स्की नावाचा एक विद्यार्थी निजलेल्या तान्ह्या मुलांच्या पापण्या पाहत बसला. पापण्यांखाली बुबुळे ठरावीक काळाने भिरभिरतात आणि मग स्थिर होतात, असे त्याला आढळले. त्यानंतर मोठ्या माणसांवर तेच पाहून त्याने आणि त्याचे गुरू क्लाइटमन ह्यांनी १९५३ साली जे मांडले त्यावर आजचे निद्राशास्त्र उभे आहे. त्या शास्त्राची सुरुवात पाळण्याजवळ बसून झाली, ही गोष्ट आमच्या जागरण करणाऱ्या आज्यांना सांगितली असती तर त्यांना काही नवल वाटले नसते.

पूर्ण दिवसांचे निरोगी बाळ अहोरात्रात सोळा-सतरा तास झोपते. आपण मोठी माणसे झोपेत शिरतो ती गाढ झोपेच्या बाजूने. बाळ शिरते ते सक्रिय निद्रेच्या दाराने. ह्या निद्रेत बुबुळे हलतात, श्वास अनियमित होतो, बोटे फुरफुरतात, ओठ चोखल्यासारखे हलतात, आणि सटवाईचे ते हसू उमटते. मग शांत निद्रा येते. श्वास एकसारखा होतो, अंग स्थिर होते, मधूनच एखादा दचका. असे एक आवर्तन पन्नास-साठ मिनिटांत पुरे होते. एकंदर झोपेचा जवळजवळ निम्मा भाग सक्रिय निद्रेचा असतो. मोठेपणी तो चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर येतो.

शांत निद्रेतला मेंदूचा आलेख तर पाहण्यासारखा असतो. भजनात झांजा काही क्षण घुमाव्यात, मंद व्हाव्यात आणि पुन्हा घुमाव्यात, तसा लहरींचा एक झपाटा येतो, काही सेकंद ओसरतो, पुन्हा येतो. दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या बाळात ह्या झपाट्यांमधली शांतता लांबलचक असते. आठवड्यागणिक ती आखूड होत जाते. पॅरिसमध्ये कोलेत ड्रेफ्यूस-ब्रिझाक ह्या विदुषीने हा क्रम गेल्या शतकाच्या मध्याला इतक्या काटेकोरपणे अभ्यासिला की जाणता डॉक्टर आलेखाची पट्टी पाहून बाळ किती आठवड्यांचे आहे ते पुष्कळ अचूक सांगू शकतो. जन्मानंतर महिना-दीड महिन्यात हा झांजांचा ठेका विरून जातो, आणि दोन-तीन महिन्यांच्या सुमारास चातीवरच्या सुताच्या आकाराच्या लहरी झोपेत दिसू लागतात. पंचांगातल्या तिथीप्रमाणे एकामागून एक येणाऱ्या ह्या खुणा आहेत.

एवढी सक्रिय निद्रा कशासाठी? रोफवार्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली असे अनुमान मांडले की, बाहेरचे जग ज्याला अजून फारसे काही पाठवीत नाही तो मेंदू आतूनच स्वतःला व्यायाम देत असतो. उंदरांच्या पिलांवर झालेल्या अलीकडच्या प्रयोगांतून असे दिसते की, झोपेत फुरफुरणाऱ्या प्रत्येक पायाचा निरोप मेंदूकडे परत जातो. आपले शरीर कोठे कसे आहे हे मेंदू त्यावरून शिकत असावा. झोळीत निजलेले ते मूल एका अर्थी आईपेक्षा अधिक कामात असते.

म्हणूनच मेंदूची जडणघडण बिघडलेली असते तेव्हा पहिली खूण पुष्कळदा झोपेतच उमटते. दोन्ही गोलार्धांना जोडणारा तंतूंचा पूल ज्या बाळात तयारच झालेला नसतो, त्याच्या आलेखात डावीकडच्या आणि उजवीकडच्या लहरी एकमेकींचा मेळ सोडून चालतात. प्राडर-विली नावाच्या जन्मजात विकारात नवजात बाळ कमालीचे लुळे आणि निद्राळू असते, दूध ओढण्याची ताकद नसते, रडणे क्षीण असते. पुढे हेच मूल कधीही न शमणाऱ्या भुकेने घर हैराण करते. पण पहिल्या महिन्यात त्याच्याइतके गुणी बाळ नाही. जन्मताना ज्याचा श्वास कोंडला, त्या बाळात झोप आणि जाग ह्यांची आवर्तनेच काही काळ नाहीशी होतात. डोक्याला लावलेल्या तारांवरून चालणाऱ्या पट्टीवर रुंद-अरुंद होणारी लहर सपाट चालते. ती पुन्हा रुंद-अरुंद होऊ लागली की डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो. आवर्तने जितकी लवकर परततात तितकी पुढची आशा अधिक. आणखी एक भयंकर गोष्ट अशी की, नवजात बाळाला येणाऱ्या झटक्यांपैकी पुष्कळ झटके डोळ्यांना दिसतच नाहीत. बाहेरून पाहणाऱ्याला बाळ निवांत निजलेले असते, आत मेंदूत वादळ चाललेले असते. पाश्चात्त्य देशांत अशा श्वास कोंडलेल्या बाळाला तीन दिवस थंड ठेवण्याचा उपचार रूढ झाला आहे. आपल्या भागात त्याचे काय? भारत, श्रीलंका आणि बांगलादेश येथील ७ रुग्णालयांत ४०८ बाळांवर त्याची परीक्षा झाली, आणि २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : लाभ दिसला नाही, उलट थंड ठेवलेल्यांत मृत्यू अधिक झाले. उसनी विद्या जशीच्या तशी आणून चालत नाही.

परंतु ज्या विकाराविषयी मला विशेष आग्रहाने लिहावेसे वाटते तो ह्यांपैकी नाही. तो आहे जन्मजात थायरॉइडच्या कमतरतेचा. गळ्यातील ही ग्रंथी जन्मतःच नसते, अपुरी असते किंवा काम करीत नाही. तिचा रस मिळाला नाही तर मेंदूतल्या पेशींची जागेवर जाण्याची, परस्परांशी जोडली जाण्याची, तंतूंवर आवरण चढण्याची कामे रेंगाळतात. असे बाळ फार झोपते, दूध थोडे पिते, घोगरे आणि क्वचित रडते, त्याची कावीळ लांबते, पोट साफ होत नाही. पण ह्या खुणाही जन्मतःच दिसत नाहीत, कारण गर्भात असताना आईच्या रक्तातला रस त्याला काही अंशी सांभाळून घेत असतो. आईची ही शिदोरी संपेपर्यंत बाळ इतर कोणत्याही बाळासारखे दिसते. १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा अर्भकांच्या झोपेचे आलेख घेतले होते. चातीच्या आकाराच्या त्या लहरी त्यांच्यात विरळ आढळल्या. म्हणजे आत्या ज्या झोपेचे कौतुक करीत होती ती निरोगी बाळाची झोपच नव्हती.

आणि उपाय? एक अल्पमोली गोळी, चुरून दुधाच्या थेंबात कालवून, रोज. पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाली तर मूल सामान्यतः चारचौघांसारखे वाढते; महिने उलटून गेले तर शरीर वाढते, पण हुकलेली बुद्धी पुरतेपणी परत येत नाही. निदानासाठी बाळाच्या टाचेतून काढलेले रक्ताचे काही थेंब टिपकागदावर घ्यावे लागतात, शक्यतो जन्मानंतर दोन दिवस उलटल्यावर. म्हणजे सटवाईच्या रात्रीच्या आधीच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २००७ ते २०१२ ह्या काळात निरनिराळ्या केंद्रांवर १ लाख ४ हजारांहून अधिक नवजात बाळे तपासली. दर ११३० बाळांमागे एकास हा विकार आढळला. आमच्या शेजारच्या गोव्याने २००८ साली राज्यभर नवजात बालकांची अशी तपासणी सुरू केली. तो आपल्या देशातला अग्रक्रमाचा प्रयत्न होता. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीतही हा विकार आहे, पण 'ऐच्छिक' ह्या शब्दासह. कायद्याच्या भाषेत 'ऐच्छिक' ह्या शब्दाचा अर्थ काय होतो, हे वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

सीमेवर राहणाऱ्यांच्या वाट्याला आणखी एक अडथळा येतो, आणि त्याची चर्चा कोठे होत नाही. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. निपाणीची सून कागल किंवा गडहिंग्लजकडची असते, बेळगावची लेक कोल्हापूरला दिलेली असते. निपाणीहून कोल्हापूर सुमारे चाळीस किलोमीटर, आणि आमचे जिल्ह्याचे ठिकाण बेळगाव सुमारे पंचाहत्तर. त्यामुळे माणसे उपचाराला जातात ती जवळच्या बाजूला. सासरी कर्नाटकात तायी कार्ड कन्नडमध्ये भरलेले, प्रसूती महाराष्ट्रात, तेथला कागद मराठीत. माझ्या परिचयातल्या एका घरी नातीच्या टाचेचे रक्त घेतले होते. अहवाल आला तो माहेरच्या पत्त्यावर. दिलेला दूरध्वनी क्रमांक मामाचा, आणि मामा पुण्याला. बाळ बारशानंतर सासरी आलेले. सटीची पूजा यथासांग झाली होती, कपिलेश्वराला नेऊन पायांवर घालून झाले होते, आणि बाळ गुणी होते. एकोणिसाव्या दिवशी मामाने सहज फोन केला तेव्हा कळले की प्रयोगशाळेतून तीनदा विचारणा झाली होती. गोळी त्याच संध्याकाळी सुरू झाली. ती मुलगी आज शाळेत जाते आणि पाढे म्हणताना माझ्याच चुका काढते. सीमेचा दावा २००४ साली सर्वोच्च न्यायालयात गेला. त्यावर आमच्या पिढीने पुष्कळ शाई खर्च केली आहे आणि मीही त्याला अपवाद नाही. पण अहवालाचा एक कागद सीमा ओलांडायला किती दिवस घेतो, हा प्रश्न कोणत्याही दाव्यात मांडलेला मला आढळला नाही. त्यावर तोडगा साधा आहे : रक्त देताना सासरचा आणि माहेरचा असे दोन्ही क्रमांक लिहून द्यावेत, आणि अहवाल येईपर्यंत घरातल्या कोणा एकाने तो आपल्या अंगावर घ्यावा. पूजेचे सामान आणण्याची जबाबदारी आपण एकावर सोपवतोच की नाही?

ज्यांच्या बाबतीत अशी गोळी नाही त्यांचे काय? येथे आमच्या बेळगावचे नाव आदराने घ्यावे लागेल. १९६३ साली स्थापन झालेल्या येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने जिल्ह्याच्या ग्रामीण भागात एका मोठ्या अभ्यासात भाग घेतला. पाकिस्तान आणि झांबिया येथेही तोच अभ्यास चालला होता. जन्मताना श्वास न घेतल्यामुळे ज्यांना फुग्याने श्वास द्यावा लागला होता अशी बाळे आणि तसे काही न झालेली बाळे, दोन्ही त्यात होती. मेंदूला अतिशय गंभीर इजा झालेली बाळे त्यात घेतली नव्हती, हेही सांगितले पाहिजे. काही घरांत प्रशिक्षित बाई दर पंधरवड्याला जाई आणि आईला शिकवी : ह्या वयात बाळाशी कसे बोलावे, काय दाखवावे, कोणता खेळ खेळावा. हे छत्तीस महिने चालले. बाकीच्या घरांतही भेटी होत्या, पण त्यांत आरोग्याची आणि सुरक्षिततेची माहिती दिली जाई. तीन वर्षांनंतर पाहिले तेव्हा खेळ शिकवलेल्या मुलांचा मानसिक विकास सरस आढळला, आणि श्वास कोंडलेल्या मुलांनाही तो लाभ इतरांइतकाच मिळाला. हे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. सपाट आलेखाने जे लिहिले ते अखेरचे नसते, निदान पुष्कळांच्या बाबतीत नसते, हे आमच्याच तालुक्यांतल्या आयांनी जमिनीवर बसून, वाटी-चमच्याने खेळत दाखवून दिले. ही बातमी आमच्या शहरात कितीजणांना ठाऊक आहे? एखाद्या क्रिकेटच्या सामन्याइतकी तरी ती बोलली जायला हवी होती.

निपाणीजवळच्या एका खेड्यातल्या बाईचा मुलगा मात्र ह्या अभ्यासाच्या पूर्वीचा. तो जन्मतः रडला नव्हता. कोणीतरी पाठीवर थापटले, तोंडावर पाणी मारले, मग बऱ्याच वेळाने कण्हला. पहिले तीन आठवडे झोपून होता. बाई विड्या वळायची आणि शेजारणी म्हणायच्या, नशीब काढलेस, पोर त्रास देत नाही. चौथ्या महिन्यात मान धरेना, आठव्यात झटके सुरू झाले. आणि मग झोप गेली ती गेलीच. मेंदूला अशी इजा झालेल्या पुष्कळ मुलांची रात्रीची झोप तुटक असते. अंग आखडते, कुशीवर वळता येत नाही, झटके रात्री येतात. एकोणीस वर्षांत तिने एक सबंध रात्र झोप घेतलेली नाही. पालकत्वाच्या अर्जात नाव, वय, उत्पन्न, नाते, मालमत्ता असे अनेक रकाने आहेत. ह्या गोष्टीला रकाना नाही. मी ती स्वतंत्र निवेदनात लिहिली. समितीपुढे तिचा उपयोग काय, असे माझ्या कारकुनाने विचारले. उपयोग नसेल, पण कोठेतरी ती लेखी नमूद व्हावी, एवढीच माझी इच्छा होती.

समितीचा आदेश झाला तो कन्नडमध्ये. बाईला तो वाचता येत नव्हता म्हणून ती मुलाला भाड्याच्या रिक्षातून घेऊन माझ्या कचेरीत आली. उन्हातून आल्यामुळे असेल, किंवा पंख्याच्या वाऱ्यामुळे असेल, तो बाकावर आडवा झाला होता. मी आदेश हाती घेऊन मोठ्याने मराठीत सांगू लागलो. पहिल्याच वाक्याला तिने हात वर केला.

"वकीलसायेब, जरा हळू वाचा," ती म्हणाली. "आत्ता कुठं डोळा लागलाय त्याचा."